मागचा जिना

इमारतींवर लेख लिहिणारा मी कोण? दहावीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही. इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीत ब्लोरूमला आहे. कापसाच्या गासड्या फोडतो. पट्ट्या तोडायच्या, कापूस मशीनपुढं मांडायचा, नाकातोंडात जाईल तेवढा गिळायचा. पाळी सुटली की कविता. तरी हा लेख मीच लिहिणार. कारण ज्या इमारतींची गोष्ट सांगतोय त्यांच्या पायात गासडीच आहे. ते कसं, ते पुढं येईल.

६ डिसेंबर २०२५ ला चैत्यभूमीवर गेलो होतो. रात्री वरळीच्या बीडीडी चाळीत चुलत्याकडं मुक्काम. दुसऱ्या दिवशी रविवार आणि परतीची गाडी रात्रीची. शिवाजी पार्कवर घेतलेली पुस्तकं चुलत्याच्या माळ्यावर टाकली आणि सकाळीच चर्चगेटला उतरलो. हायकोर्ट बघायचं होतं. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये ह्या कोर्टात वकिली सुरू केली, एवढं पुस्तकात वाचलेलं. ते कोर्ट बाहेरनं तरी डोळ्यांनी बघावं, एवढाच हेतू.

ओव्हल मैदानाच्या कडेला पंधरा-वीस माणसांचा घोळका उभा. गळ्यात कॅमेरे, हातात पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांच्या माना वर. मधे एक पंचविशीची मुलगी हात करून काहीतरी दाखवत होती. मला वाटलं शूटिंग. ते निघालं हेरिटेज वॉक. म्हणजे पैसे भरून चालायचं आणि इमारती बघायच्या. आमच्याकडं चालायचे पैसे पडत नाहीत, एसटी चुकली की फुकटात होतं. मी थोडं अंतर राखून मागनं चालायला लागलो. तिनं दोनदा वळून बघितलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "दादा, जवळ या. तिथनं ऐकू येणार नाही." गेलो. तिनं पैसे मागितले नाहीत. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढं मी तिच्याशी भांडणार आहे.

ती बोलत होती ते खरंच ऐकण्यासारखं होतं. मैदानाच्या पूर्वेला इंग्रजांच्या दगडी इमारती: हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. १८६० च्या दशकात किल्ल्याच्या भिंती पाडल्या आणि ह्या इमारती उभ्या राहिल्या. हायकोर्ट १८७८ चं. टॉवरही त्याच साली पुरा झाला. पश्चिमेला सिमेंटच्या, गोल कोपऱ्यांच्या इमारती: एम्प्रेस कोर्ट, रज्जब महाल, शिव शांती भुवन, स्वस्तिक कोर्ट. ह्या १९३० च्या दशकातल्या. ह्या शैलीला आर्ट डेको म्हणतात. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावर सूना महाल आहे, १९३७ चा, ग. बा. म्हात्रे नावाच्या मराठी आर्किटेक्टचा. चर्चगेट स्टेशनासमोर इरॉस, १९३८. दोन्ही बाजू मिळून ९४ इमारती युनेस्कोनं ३० जून २०१८ ला जागतिक वारशाच्या यादीत घातल्या. दगडाच्या बाजूला साहेबाचा रुबाब आणि सिमेंटच्या बाजूला नव्या हिंदी माणसाची हौस, अशा दोन काळांच्या रांगा एका मैदानाच्या आरपार एकमेकींकडं तोंड करून उभ्या आहेत. असं जगात फार कुठं नाही, असं तिचं म्हणणं.

ती दाखवेल तसं मला दिसायला लागलं. नाहीतर इमारत म्हणजे आपल्या लेखी नुसती भिंत. गॅलऱ्या आगबोटीच्या डेकसारख्या वळलेल्या. खिडक्यांवर पापणीसारखे बारीक छज्जे, ऊन-पाऊस अडवायला. दारांच्या लोखंडी जाळीत उगवता सूर्य. कुठं कारंज्याचं पाणी गोठून राहिल्यासारखी नक्षी. मोठाले खांब नाहीत, देव-देवता फारशा नाहीत, राजा-राणी नाही. वेग, वीज, मोटार, आगबोट, सिनेमा हेच त्या लोकांचे देव. खरं सांगतो, मला आवडलं. आपल्या चळवळीत काही जण आहेत, सुंदर दिसलं की त्यांना संशय येतो. मी त्यातला नाही. गोल कोपरा सुंदर असतो. तो कुणासाठी वळवला, हा पुढचा प्रश्न.

तो प्रश्न एका गल्लीत पुढं आला. घोळका पुढून फोटो काढत होता. मी कडेच्या बोळात डोकावलो. मागच्या भिंतीला एक गोल लोखंडी जिना लटकलेला, गंजलेला, तळापासून गच्चीपर्यंत. प्रत्येक मजल्यावर एक अरुंद दार. मी विचारलं, "ताई, हा जिना कसला?" ती म्हणाली, "सर्व्हिस स्टेअरकेस. नोकरांसाठी असायचा." आणि पुढच्या इमारतीकडं निघाली. घोळका तिच्या मागं गेला. मी तिथंच थांबलो.

कारण तो जिना मला माहीत होता. बघितला नव्हता, ऐकला होता. माझी आत्ती तीस वर्षं चर्चगेटच्या बाजूच्या एका इमारतीत कामाला होती. धुणं-भांडी, वेळ पडली तर संडास. इमारतीचं नाव ती सांगते, मी लिहीत नाही. ती म्हणते, "म्होरल्या जिन्यानं गेल्यालं मला आठवत न्हाई. लिफ्टचं दार कसं उघडत्यात ते बी म्हाईत न्हवतं. मागला जिना आमचा. पावसात लई निसरायचा." एकदा भरल्या बादलीसकट ती सहा पायऱ्या घसरली. मालकीण दारात आली आणि पहिल्यांदा बादलीचं विचारलं.

ह्या जिन्याला इतिहास आहे आणि तो नकाशावर काढलेला इतिहास आहे. मुंबईत ब्लॉक म्हणजे फ्लॅट साधारण ह्याच काळात रुजला. हॉल, बेडरूम, किचन आणि घराच्या आतच न्हाणी-संडास. तोवर वाड्यात काय, चाळीत काय, संडास घरापासून लांब, टोकाला. तो आत आला तशी सवर्ण घराची पंचाईत झाली. संडास आत आला म्हणजे तो साफ करणारा माणूसही आत येणार. मग तो दिवाणखान्यातनं येणार का? देवघरावरनं जाणार का? उत्तर आर्किटेक्टनं दिलं. सगळ्याच नाही, पण पुष्कळ इमारतींत मागनं वेगळा जिना दिला आणि संडासाकडं उघडणारं वेगळं दार. तो माणूस मागनं चढेल, काम करून मागनंच उतरेल. पुढच्या जिन्यावर मोझॅकची नक्षी, मागच्या जिन्यावर लोखंड. म्हणजे गावकूस उभं केलं. गावात आडवं होतं, इथं उभं. ते कुणा म्हाताऱ्याच्या मनातलं सोवळं नव्हतं. शिकल्यासवरल्या माणसानं ड्रॉइंग बोर्डावर पट्टी धरून काढलेलं होतं.

आपल्यातलीच काही पोरं म्हणतील, ते काम मेहतरांचं, वाल्मिकींचं, आपण कधीच सोडलं. असं म्हणणाऱ्यानं जरा दम धरावा. म्युनिसिपालिटीच्या सफाई कामगारांची युनियन बाबासाहेबांनी बांधली, तेव्हा त्यांनी कोण कुठल्या जातीचा हे विचारलं नव्हतं. मागच्या जिन्यानं चढणारा प्रत्येक जण आपला. त्यात माझी आत्तीही आहे आणि गुजरातेतनं, हरयाणातनं आलेली ती माणसंही आहेत.

आता गासडीचं. वॉक संपल्यावर मी त्या मुलीला गाठलं आणि म्हणालो, "ताई, ह्या इमारती ज्या जमिनीवर आहेत ती जमीन कुणी केली ते तुम्ही सांगितलंत. समुद्र बुजवला म्हणालात. पण ज्या खात्यानं बुजवला त्याच खात्याची दुसरी बांधकामं कुठं आहेत, ते सांगितलं नाही." ती म्हणाली, "कुठं आहेत?" मी म्हणालो, "काल रात्री मी तिथंच झोपलो होतो."

हेच सांगायला हा लेख लिहायला घेतला. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड ह्यानं मुंबईत एक नवं खातं काढलं, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. बी.डी.डी. चाळीच्या नावातली हीच ती तीन अक्षरं. ह्या खात्याला दोन मोठी कामं दिली. एक, बॅकबे बुजवून ११४५ एकर नवी जमीन करायची. दोन, कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, गिरण्या तेजीत, घरभाडी आभाळाला टेकलेली, कामगार संपावर संप करत होते. माणसांना ठेवायला जागा नव्हती. म्हणून खोल्या. आणि पैसेवाल्यांना हवेशीर जागा पाहिजे होती म्हणून समुद्र.

पैसा कुठनं आणला? कर्ज काढलं. आणि कामगारांच्या घरांसाठी म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर १ रुपया कर बसवला. दर गासडीवर! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पाळीवर होतो, जेवणाची सुट्टी होती आणि पुढ्यात गासड्यांची थप्पी होती. मी उठून एका गासडीवर हात ठेवला. उगाचच.

पूर्वेच्या दगडी बाजूलाही कापूसच आहे बरं का. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं गेला. त्या तेजीत गबर झालेल्या प्रेमचंद रायचंदनं विद्यापीठाला टॉवरसाठी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं, राजाबाई. तिकडं मळ्यांत कापूस वेचणारे काळे गुलाम. इकडं तो पिकवणारे कोण, जिनांत कुटणारे कोण, ते मी सांगायला नको. म्हणजे ओव्हलच्या दोन्ही अंगांना कापूस. मधे मैदानात पोरं क्रिकेट खेळतात.

समुद्राचं काय झालं? फजिती. बंदराच्या तळचा चिखल काढून नळानं बॅकबेत ओतायचे आणि तो भिंतीतनं परत समुद्रात वाहून जायचा. खर्च फुगत गेला. बॅरिस्टर नरिमन ह्यांनी ते लफडं चव्हाट्यावर आणलं. एका इंजिनियरनं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यात नरिमन सुटले. शेवटी ११४५ एकरांतली निम्मीही जमीन झाली नाही. जी झाली तिचे प्लॉट पडले, नियम झाले, सगळ्यांची उंची एकसारखी राखायची ठरली आणि १९३० नंतर तिच्यावर ते गोल कोपरे उभे राहिले. नरिमनांचं नाव आज नरिमन पॉइंटला आहे. ज्यानं भराव घालण्यातला घोटाळा काढला त्याचंच नाव पुढच्या भरावाला. मुंबईची ही एक गंमत.

आणि खोल्यांचं काय झालं? ५० हजारांतल्या साडेसोळा हजारांच्या आसपास झाल्या. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. एकूण २०७. तळमजला अधिक तीन, मधे अंधारा बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, टोकाला सामायिक संडास. खोली १६० चौरस फूट. चाळीत ८० खोल्या. आता नीट ऐका. ह्या चाळी सिमेंट-काँक्रीटच्या आहेत. ओव्हलच्या इमारतींच्या दहा वर्षं आधीच्या. मुंबईत काँक्रीट एवढ्या मोठ्या प्रमाणात घरांसाठी पहिल्यांदा वापरलं त्यातलं हे काम. नवीन काळाचं जे मटेरियल म्हणून ती मुलगी हातानं थोपटून दाखवत होती, ते आमच्या अंगावर आधी आलं होतं. फरक एवढाच, सुरुवातीला ह्या चाळींना धड खिडक्याही नव्हत्या. काँक्रीटच्याच फटी. हवा आली तर आली. तिकडं काँक्रीटला पापण्या फुटल्या, इकडं नुसत्या फटी.

वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब, भाडं जास्त. पुष्कळ खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. कायदेभंगाच्या चळवळीत सरकारनं ह्याच चाळींत तात्पुरता तुरुंग केला. कामगारासाठी बांधलेलं घर एक शब्दही न बदलता तुरुंग होऊ शकतं, हे त्या घराचं सर्टिफिकेट म्हणा.

मग आपली माणसं आली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, नगरहून. माझा आज्जा रिंग खात्यात होता. विणाई खात्यात त्याला घेतलं नाही, कारण धागा तुटला की तोंडानं ओढायला लागायचा आणि मराठा विणकरांना आपला विटाळ. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढं केला होता. म्हणजे गिरणीतही एक मागचा जिना होताच. वरळीच्या त्याच चाळींच्या मैदानावर ५ जानेवारी १९७४ ला पँथरची सभा झाली, दंगल पेटली. १० जानेवारीला परळला मोर्चावर वरनं पाटा आला आणि भागवत जाधव गेले. त्याही इमारती, त्याही गॅलऱ्या. कुठल्या गॅलरीतनं काय पडलं हा इतिहास कुणी पैसे भरून ऐकायला येत नाही.

मी तिला हे सगळं असं सलग सांगितलं नाही. मला तसं बोलता येत नाही, लिहिता येतं. मी दोन-तीन वाक्यं बोललो आणि माझा आवाज चढला. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, मला ठरलेल्या दोन तासांत ठरलेल्या इमारती दाखवायच्या असतात. बीडीडी आणि बॅकबे एकाच खात्याचं आहे हे मी वाचलंय. पण वरळीला न्यायला कुणी सांगत नाही." म्हणजे तिला माहीत होतं! ह्यावर मी काय बोलणार? ती पगारी, मीही पगारी.

पण खरा घोळ माझ्याच डोक्यात आहे, तो लपवत नाही. मला ह्या आधुनिक इमारतींचा राग यावा की त्या आपल्या वाटाव्यात? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याचे वाभाडे काढले. शहराकडं चला हे त्यांचं सांगणं. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत १९१२ पासून वीसेक वर्षं राहिले. चाळ नंबर १, खोल्या ५० आणि ५१. ही चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये ट्रस्ट निघाला, जुन्या वस्त्या पाडायला आणि नवे रस्ते, नवी घरं करायला. दादर-माटुंग्याचे सरळ रस्ते आणि प्लॉटही त्याच ट्रस्टनं आखले. तिथल्या हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी घर बांधलं. मुख्य म्हणजे पुस्तकांसाठी. त्याला मगधाच्या राजधानीचं नाव दिलं, राजगृह. ओव्हलच्या समोर गोल कोपरे वळत होते त्याच दशकात हे घर उभं राहिलं. कॉलनीचं नाव काय, घरमालक कोण आणि घराचं नाव काय, ह्याचा विचार करा. एवढी आधुनिक इमारत त्या सबंध मुंबईत मला तरी दुसरी दिसत नाही. जुलै २०२० मध्ये तिच्या आवारात शिरून तोडफोड झाली. म्हणजे काहींना ती अजून सलते.

तेव्हा राग इमारतीवर नाही. काँक्रीट आपलंही. नळ, वीज, दार लावलं की कुणाचा डोळा न पडणारी खोली, गावाच्या नजरेतनं सुटका हे सगळं आपल्या माणसांना पाहिजेच होतं आणि ते शहरानं दिलं, अर्धमुर्धं का होईना. भांडण मागच्या जिन्याशी आहे आणि तो न दाखवता पुढं जाणाऱ्या वाटेशी आहे. ९४ इमारतींच्या यादीत बीडीडीची एकही चाळ नाही, आणि घाला असा माझा हट्टही नाही. १६० फुटांत दोन पिढ्या काढलेल्यांना वारशाचं सर्टिफिकेट नको, घर पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. माझ्या चुलत्याची चाळ अजून रांगेत आहे. तो रोज खिडकीतनं टॉवर बघतो आणि लिफ्ट बंद पडली तर काय, ह्याची काळजी आत्तापासून करतो. चाळी पडोत. पण पडण्याआधी कुणीतरी बोळाची लांबी मोजून ठेवावी, फटींचा फोटो काढावा, म्हाताऱ्यांना बोलतं करावं. हे काम आर्किटेक्टनं केलं तर चांगलंच. नाही केलं तर आपण करायचं. त्याला डिग्री लागत नाही, टेप लागते.

दुपारी मी आत्तीला घेऊन पुन्हा ओव्हलला आलो. टॅक्सीला पैसे घातले, तिला गुडघे आहेत. ती जिथं काम करायची ती इमारत दाखवली. पुढच्या बाजूनं तिला ती ओळखूच आली नाही. मागच्या बोळात नेलं, जिना दिसला, तेव्हा म्हणाली, "हां, हीच की." मग आम्ही परत पुढं आलो. ती कठड्यावर बसून बराच वेळ वर बघत होती. गॅलऱ्या, नक्षी, दारावरचा सूर्य. मी मोठ्या उत्साहानं छज्जे, आगबोट वगैरे सांगायला लागलो, सकाळी ऐकलेलं सगळं. ती म्हणाली, "ह्ये धुवायला लई तरास." तिनं खालच्या फरशीकडं बोट केलं, मोझॅकच्या पट्ट्यांकडं. त्या पट्ट्यांच्या खाचांत काय काय अडकतं आणि कुठल्या ब्रशनं निघतं, ते मला दहा मिनिटं सांगत होती. सकाळच्या वॉकमधे हे नव्हतं. मी लिहून घेतलं.

आता कामाचं. १२ एप्रिल २०२६, रविवार. जयंतीच्या आधीचा. ज्यांना यायचं त्यांनी सकाळी ७ वाजता चर्चगेट स्टेशनबाहेर इरॉसच्या बाजूला जमावं. ओव्हलच्या दोन्ही बाजू बघू, मागचे बोळही. तिथनं मंत्रालयाच्या वाटेवरचा बाबासाहेबांचा पुतळा, मग मरीन ड्राइव्ह. नंतर लोकलनं लोअर परळ, तिथनं चालत डिलाईल रोडच्या चाळी, वरळीचं जांबोरी मैदान, परळची बीआयटी चाळ, शेवट राजगृह. फी नाही. वाटेत वडापाव ज्याचा त्यानं. आत्ती वरळीला भेटेल, तिला प्रश्न विचारायचे ते लिहून आणा. त्या गाईड मुलीलाही निरोप दिला आहे, येते म्हणाली. कुणाकडं पन्नास फुटी टेप असेल तर घेऊन यावी, माझी तीन मीटरचीच आहे.